गाडीचं नाक आणि लखनौची धूळ

जूनचा दुसरा आठवडा. लखनौ छावणीत सकाळचे आठ वाजले की बॉनेटच्या पत्र्याला हात लावताना विचार करावा लागतो. भाच्याच्या क्वार्टरसमोर, कडुनिंबाच्या सावलीत त्याची इसुझू व्ही-क्रॉस उभी होती आणि तो मला मोबाइलवर एक चित्र दाखवत होता. चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची जाड नळी आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा, शंकूसारखा फिल्टर. वर नाव, ‘कोल्ड एअर इनटेक’.

“मामा, हे टाकलं की गाडीचा पिकअप वाढतो म्हणतात. टाकू का?”

आपल्याकडे ‘पिकअप’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. मागे हौदा असलेली गाडी हा एक, आणि पॅडल दाबल्यावर गाडीने घेतलेली उसळी हा दुसरा. भाच्याला पहिल्यासाठी दुसरा हवा होता. तो साताऱ्याकडचा. आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र आणि महाविद्यालय लखनौत असल्यामुळे महाराष्ट्रातली बरीच पोरं नोकरीत कधी ना कधी या छावणीत येऊन जातात. बदली झाली की संसार हौद्यात घालून निघता यावं म्हणून त्याने पिकअप घेतलेली. किटची किंमत पाच आकडी होती. पगारदार माणसाला ती सहज उडवण्याजोगी नाही. माझी उमेदीची वर्षं पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत इंजिनांभोवती गेली, म्हणून त्याने मला विचारलं. मी त्याच्याकडे चार दिवस मागून घेतले, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. हौशी पिकअप घेणारे वाढलेत, आणि गाडी घरी आल्यावर पहिला खर्च अनेकदा याच नळीवर होतो.

आधी किटचा दावा नीट मांडू, कारण त्याच्या मुळाशी असलेलं शास्त्र खरं आहे. थंड हवा दाट असते. तापमान दहा अंशांनी उतरलं की तेवढ्याच जागेत साधारण तीन टक्के जास्त हवा मावते. बाहेर ४२ अंश असताना बॉनेटखाली ७० अंश धरले, तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा जवळपास नऊ टक्के दाट निघते. जास्त हवा म्हणजे जास्त प्राणवायू, म्हणून जास्त इंधन जाळता येतं आणि जास्त ताकद मिळते. इथपर्यंत सगळं बरोबर आहे.

मग आम्ही व्ही-क्रॉसचा मूळ एअर क्लीनर उघडला. काळा प्लॅस्टिकचा डबा, वर क्लिपा, आत घड्यांचा कागदी फिल्टर. डब्यात हवा येते ती नळी हाताने चाचपत मागे मागे गेलो, तर तिचं तोंड इंजिनाजवळ नव्हतंच. ते मडगार्डच्या आतल्या पोकळीत होतं, पत्र्याच्या पलीकडे, बाहेरच्या हवेत. बहुतेक आधुनिक पिकअपांत ते एकतर तिथे असतं, नाहीतर हेडलाइटच्या मागे किंवा जाळीच्या वरच्या कडेला. ज्या नऊ टक्क्यांचं आमिष किट दाखवतं, ते गाडी बनवणाऱ्याने कारखान्यातच घेतलेले आहेत. भाच्याच्या गाडीत कोल्ड एअर इनटेक पहिल्या दिवसापासून होतं. लाल शंकू बॉनेटखाली उघडा बसवला असता, तर सिग्नलला उभ्या गाडीत त्याने उलट इंजिनाभोवतीची तापलेली हवा ओढली असती. नाव थंड हवेचं आणि पुरवठा गरम हवेचा. चांगल्या किटांत शंकूभोवती आडोसा देतात, पण तो मूळच्या बंद डब्याइतका घट्ट क्वचितच बसतो.

पुढची गोष्ट टर्बोची. आपल्याकडची जवळजवळ प्रत्येक पिकअप टर्बो-डिझेल आहे, मग ती बोलेरो असो, योद्धा असो, व्ही-क्रॉस असो की २०२२ मध्ये आलेली हायलक्स. टर्बो हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ४२ अंशांची हवा दुप्पट दाबली, तर टर्बोतून निघताना ती १४० अंशांच्या आसपास पोचते. पुढे इंटरकूलर तिला पुन्हा साठाच्या जवळ आणतो. आता समजा नव्या नळीमुळे टर्बोत शिरणारी हवा पाच अंशांनी थंड झाली. टर्बोच्या पलीकडे हा फरक साडेसहा अंशांचा होतो, आणि इंटरकूलरने त्यातला ऐंशी टक्के भाग पुसून टाकल्यावर इंजिनाच्या तोंडाशी उरतो जेमतेम सव्वा अंश. दाटपणात अर्ध्या टक्क्याहूनही कमी. हा हिशेब मी भाच्याला वहीत मांडून दाखवला. पाच आकडी रक्कम या सव्वा अंशासाठी जायची होती.

शिवाय डिझेल इंजिन हवेसाठी अडून बसलेलं नसतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधनाचं प्रमाण जवळजवळ बांधलेलं असतं. डिझेलमध्ये हवा गरजेपेक्षा जास्तच आत जाते, आणि ताकद ठरते ती डिझेल किती फवारलं त्यावर. ते प्रमाण ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, लिहिलेलं असतं. व्ही-क्रॉसच्या १.९ लिटर इंजिनाला १६३ अश्वशक्ती ठरवून दिलेली आहे. नुसती नळी बदलून तो आकडा हलत नाही.

मग ज्यांनी किट बसवलंय त्यांना गाडी चपळ का वाटते? ते खोटं बोलत नसतात. मूळ डब्याला लागून ओढीचा आवाज मुरवणाऱ्या पोकळ्या असतात. किट बसवताना त्या निघून जातात. टर्बोची शीळ आणि हवेचा घोष थेट केबिनमध्ये येतो, आणि कानाला जोर ऐकू आला की अंगालाही तो जाणवतो. जुना तुंबलेला फिल्टर काढून किट बसवलेलं असेल, तर थोडा खराच फरक पडतो. पण तेवढाच फरक काही शे रुपयांच्या नव्या कागदी फिल्टरनेही पडला असता.

ही वस्तू मुळात जिथली आहे तिथे तिला अर्थ आहे, हेही सांगायला हवं. अमेरिकेत पिकअप म्हणजे अनेकदा टर्बो नसलेलं, पाच-सहा लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. तिथे आत शिरणाऱ्या हवेचा प्रत्येक अंश थेट ताकदीत उतरतो. नळीसोबत ईसीयूचं ट्युनिंग केलं, तर मोजता येईल असा फायदा मिळतो. आपल्याकडे हे समजून घ्यायचं तर फौजेची जुनी मारुती जिप्सी आठवावी. टर्बो नसलेलं १.३ लिटरचं पेट्रोल इंजिन. लखनौत जानेवारीच्या सात अंशांच्या सकाळी हवा जूनच्या दुपारपेक्षा बारा टक्क्यांहून जास्त दाट असते. कुठलंही किट न लावता त्या सकाळी जिप्सी वेगळी पळते, हे तिच्यावर हात बसलेला कुठलाही चालक सांगेल.

मायलेजचं काय, असं भाच्याने विचारलं. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये याच्याशी जवळची तपासणी केली होती. इंधन-इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले. मायलेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही, वेग घेण्याची क्षमता मात्र घटली. तुंबलेल्या फिल्टरने जिथे मायलेज हलत नाही, तिथे चांगला चाललेला फिल्टर आणखी मोकळा करून ते वाढेल कुठून?

इथवरचं बोलणं पैशाचं झालं. या किटाविरुद्ध माझं खरं म्हणणं धुळीवर उभं आहे.

छावणीच्या आत धूळ फारशी कळत नाही. १८५७ पूर्वी लखनौची छावणी शहराच्या उत्तरेला मडियांवला होती. उठावानंतर ती गोमतीच्या दक्षिणेला, दिलकुशाच्या बाजूला वसली. रुंद रस्ते, जुनी झाडं, झाडलोट वेळेवर. पण सदर बाजार ओलांडून तेलीबागकडे बाहेर पडा, किंवा कानपूर रोडवरचं ट्रान्सपोर्ट नगर गाठा, की गंगेच्या मैदानाची माती भेटते. ती कोकणातल्या लाल मातीसारखी जड नाही आणि देशावरच्या काळ्या मातीसारखी चिकटही नाही. नद्यांनी हजारो वर्षं दळून आणलेला गाळ आहे तो. सुकला की पिठीसारखा उडतो. मे-जूनमध्ये लू वाहते, संध्याकाळी अचानक आंधी उठते आणि समोरची गाडी दिसेनाशी होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मलिहाबादला गेलो. दशहरी आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. बागांतून कच्च्या वाटांवर बोलेरो पिकअपांची रांग, हौद्यात पेट्यांची चळत, एकीच्या धुळीत दुसरी. पिकअपचं खरं आयुष्य हे. तिथे उभा राहून मी त्या इंजिनांच्या श्वासाचा विचार करत होतो. अडीच लिटरचं टर्बो-डिझेल इंजिन दोन हजार फेऱ्यांवर चालत असेल, तर तासाला दहा बाय दहाच्या, दहा फूट उंचीच्या, जवळजवळ दहा खोल्यांइतकी हवा ओढतं. आता घनमीटरला एक मिलिग्रॅम धूळ धरा. हवेच्या राष्ट्रीय मानकाने २४ तासांच्या सरासरीला ठरवलेल्या पीएम-१० मर्यादेच्या ही दहापट आहे, पण ट्रकच्या मागे कच्च्या रस्त्यावर असलेल्या गाडीला ती जास्त नाही. अशा रस्त्यावर वर्षात पाचशे तास गाडी चालली, तर फिल्टरपाशी सुमारे १४० ग्रॅम धूळ येते. फिल्टरने अर्धा टक्का आत सोडली, तर पाऊण ग्रॅमही पोचत नाही. दोन टक्के सोडली, तर जवळपास तीन ग्रॅम. ९९.५ आणि ९८ हे दोन्ही आकडे परीक्षेतल्या मार्कांसारखे वाचले तर सारखेच वाटतात. इंजिनाला मात्र चौपट माती खावी लागते.

ही माती साधी नसते. तिच्यात क्वार्ट्झ असतं, बहुतेक पोलादांहून कठीण. पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये ऑइलचा जो पातळ थर असतो, त्याच जाडीचे हे कण असतात. ते त्या थरात अडकतात आणि पॉलिश पेपरसारखे घासत राहतात. वाटेत टर्बोचं चाक असतं, मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणारं. त्याच्या पात्यांच्या कडाही बोथट होतात.

हे मी अनुभवाने शिकलो. तीसेक वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या जुन्या पिकअपला मी असाच उघडा शंकू लावून घेतला होता. ज्या गॅरेजात लावला तिथे मला कोणी धुळीचं एक अक्षर सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. खडी क्रशरच्या रस्त्यावर दोन उन्हाळे गाडी चालली. मग ती ऑइल खायला लागली. डिपस्टिक काढली की भोकातून धूर यायचा. शेवटी हाफ इंजिन करावं लागलं. काढलेल्या रिंगा मी हातात घेऊन पाहिल्या, कडा पात्यासारख्या झालेल्या. शंकूच्या मानेपाशी रबर आणि नळी यांच्यात केसाएवढी फट होती. तेवढी पुरली.

ट्रान्सपोर्ट नगरच्या एका मिस्त्रीकडे मी हा विषय काढला. तो लखनवी अदबीने बोलत होता, हात कोपरापर्यंत काळे. किट लावलेल्या पिकअपा त्याच्याकडे येतात, असं तो म्हणाला. तो आधी फिल्टर पाहत नाही. फिल्टरच्या पुढची, टर्बोकडे जाणारी नळी काढतो आणि आत बोट फिरवतो. बोटाला तपकिरी पिठी लागली की पुढचं सांगायला त्याला यंत्र लागत नाही. कापसाच्या जाळीला तेल लावून वापरायच्या फिल्टरांबद्दल त्याचा आणखी एक अनुभव होता : धुतल्यावर मालक तेल जास्त ओततात, ते उडून हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या तारेवर बसतं, आणि गाडी काळा धूर टाकते किंवा दम टाकते. जनरल मोटर्सने अमेरिकेत आपल्या सर्व्हिस सेंटरांना काढलेल्या बुलेटिनमध्ये तेलकट फिल्टरांविषयी हाच इशारा दिलेला आहे. फिल्टर बनवणारे हे मान्य करत नाहीत. तेल मोजून लावलं तर त्रास होत नाही असं ते म्हणतात, आणि मोजून लावणाऱ्याच्या बाबतीत ते खरं असू शकतं. पण बीएस ६ गाडीत या सेन्सरच्या आकड्यावर एक्झॉस्टची सगळी मांडणी चालते. त्या तारेशी खेळ नको.

फिल्टर किती धूळ अडवतो हे अंदाजाने ठरत नाही. त्यासाठी आयएसओ ५०११ नावाची चाचणी आहे. ठरलेल्या आकाराच्या कणांची प्रमाणित धूळ मोजून सोडतात आणि पलीकडे किती पोचली ते तोलतात. ही धूळ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाच्या नावाने ओळखली जाते. वाहनांच्या चाचण्यांसाठी पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासूनची एआरएआय आहे, आणि लष्करी वाहनांसाठी अहिल्यानगरला डीआरडीओची व्हीआरडीई. ज्या गावांत गाड्यांची अशी परीक्षा होते, तिथल्या माणसांनी तरी किटच्या खोक्यावर फक्त अश्वशक्तीचा आकडा पाहून समाधान मानू नये. धूळ अडवण्याचा आकडा खोक्यावर नसेल, तर तो विचारावा.

धुळीची किंमत फौजांना चांगली ठाऊक आहे. जुन्या विलीज जीपमध्ये एअर क्लीनर तेलाचा असायचा. हवा वाटीतल्या तेलावरून उलटी वळायची, जड धूळ तेलात बसायची आणि उरलेली ओल्या जाळीत अडकायची. २००१ मध्ये ब्रिटिश फौजेने ओमानच्या वाळवंटात मोठा सराव केला. तेव्हा चॅलेंजर २ रणगाड्यांचे फिल्टर काही वेळा चार-चार तासांत तुंबले आणि ऐन सरावात रणगाडे उभे राहिले. त्या फौजेने यातून धडा घेतला तो धूळ अडवण्याची सोय वाढवण्याचा. इराकला जाण्याआधी रणगाड्यांवर वाळवंटी जोडण्या बसवल्या गेल्या. अधिक मोकळा श्वास हवा म्हणून फिल्टर विरळ करावा, असं कोणाला सुचलं नाही.

पावसाचा मुद्दा थोडक्यात. काही किटांत शंकू खाली, बंपरच्या मागे नेतात, कारण तिथे हवा थंड असते. जुलैत लखनौच्या पुलाखालून तुंबलेल्या पाण्यातून जाताना, किंवा आपल्याकडे मुंबई-ठाण्याच्या सबवेत, हाच शंकू पाणी ओढतो. पाणी दाबलं जात नाही. डिझेल इंजिनात ते शिरलं की कनेक्टिंग रॉड वाकतो. मूळ नळीचं तोंड वर ठेवलेलं असतं ते याचसाठी.

कायद्याचा मुद्दाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बनावटीत बदल करण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने तर जुलै २०२१ मध्ये बदललेल्या सायलेन्सरांच्या आवाजाची दखल स्वतःहून घेतली होती. सायलेन्सर आणि इनटेक या वेगळ्या वस्तू आहेत, हे खरं. पण कॅलिफोर्नियातसुद्धा अशा किटला तिथल्या हवा मंडळाचा परवाना क्रमांक लागतो. वॉरंटीत असलेल्या गाडीचा टर्बो गेला आणि बॉनेटखाली परका शंकू निघाला, तर सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कोणाची बाजू पडती असेल, हे भाच्याला मी वेगळं सांगितलं नाही.

किट नको म्हणजे काही करू नको असं नाही. उलट मूळ डब्याकडे आपण जितकं दुर्लक्ष करतो, तितकं गाडीच्या कुठल्याच भागाकडे करत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘हवा मारणं’. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी कागदावर जवळ धरली की घड्यांना सुईएवढी भोकं पडतात. फिल्टर स्वच्छ दिसतो आणि तिथून पुढे धूळ गाळत नाही. अंधारात फिल्टरच्या आत टॉर्च धरा. प्रकाशाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेकून द्या. दुसरी चूक उत्साहाची : दर आठवड्याला डबा उघडून पाहणं. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक गाळतो, कारण त्या धुळीचाच एक थर चाळणीचं काम करतो. आणि प्रत्येक वेळी डबा उघडला की कडेचं रबर हलतं. कंपनीच्या वेळापत्रकात ‘धुळीचा वापर’ असा वेगळा रकाना असतो. गंगेच्या मैदानात राहणाऱ्याने तो वाचावा, सरसकटचा नाही.

ज्याची पिकअप खरोखर मलिहाबादच्या वाटांवर किंवा विटांच्या भट्ट्यांवर राबते, त्याने पैसे खर्च करायचेच तर मूळ डब्याला जोडून, हवा गरगर फिरवून जड धूळ आधीच बाहेर टाकणारा प्री-क्लीनर, किंवा तोंड छतापर्यंत वर नेणारा स्नॉर्केल पाहावा. त्यालाही परवान्याचा आणि वॉरंटीचा प्रश्न लागू आहेच. तो आधी विचारून घ्यावा. टर्बो नसलेलं मोठं पेट्रोल इंजिन असेल आणि रस्ता डांबरी असेल, तर किटची हौस करायला माझी हरकत नाही. हिंदुस्थानातल्या टर्बो-डिझेल पिकअपसाठी, आणि त्यातही लखनौसारख्या धुळीच्या मुलखात, माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे.

चौथ्या दिवशी भाच्याने किटचा विचार सोडला. कंपनीचा नवा फिल्टर आणला. डबा ओल्या फडक्याने पुसला, कडेचं रबर तपासलं, एक क्लिप सैल झाली होती ती बदलली. आग्रा एक्सप्रेसवेवरून तो रजेवर निघेल तेव्हा तीनशे दोन किलोमीटर गाडी याच डब्यातून श्वास घेईल.

तुमच्याकडे पिकअप असेल, तर एखाद्या सुट्टीत एक काम करा. गाडी थंड असताना फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवा आणि आतून पांढरा रुमाल फिरवा. रुमाल पांढराच निघाला तर नळी परत घट्ट बसवा आणि किटचे पैसे टायरांसाठी ठेवा. तपकिरी निघाला तर गाडी चालवू नका, आधी फट शोधा.